विरोधी उमेदवाराचा दात

नाही, नाही, बोलू नका, हुलुसी बेय, बोळा सरकेल. तोंड उघडंच ठेवा — असं — मान मागे. आणि सारखं खिडकीतून चौकाकडे काय बघताय? बँडवाले अजून वाद्यं पुसतायत. विरोधी उमेदवाराशिवाय विरोधी सभा सुरू होईल का? — होईल म्हणा, पण ते पुढचं पुढे.

तर काय सांगत होतो — आम्ही मतदार मंडळी. दरवेळी किती सोपं असायचं! गावानं आम्हाला निवडायचं, अंकाराहून पक्षाची नावं यायची, ती आम्ही चिठ्ठीवर उतरवून पेटीत टाकायची आणि वर बकलावा खायचा. पक्षच एक, घोळ होणार कसला? आणि यंदा ही आफत — एक जागा मोकळी! म्हणे सभागृहात टीका करणारा, पक्षाबाहेरचा माणूस हवाय, तुम्हीच मनानं निवडा. मनानं! झिहनी बेय पक्षाचे इथले अध्यक्ष, पण तेसुद्धा गांगरले. तार केली त्यांनी — 'मनानं कुणाला निवडायचं ते कृपया कळवावं.' उत्तर आलं — 'मनानं.' त्या दिवशी अध्यक्ष जेवले नाहीत. मग सराव म्हणून आम्ही एकदा मतदान करून पाहिलं, तर सगळ्या चिठ्ठ्यांवर झिहनी बेयांचंच नाव! माझ्यासुद्धा, खोटं कशाला बोलू. केवढे ओरडले — 'गाढवांनो, मला मत देणं म्हणजे पक्षाची आज्ञा मोडणं!' गिरणीवाला दुराक आगा, एवढा म्हातारा माणूस, रडायलाच लागला — 'बाळा, कुठलं मत दिलं की तू रागावणार नाहीस, ते एकदाचं सांगून टाक.'

मग तुमचं नाव निघालं. तुम्ही खाटकाशी वजनावरून भांडला होतात ना? — मान हलवू नका, मला माहितेय — तेव्हाच अध्यक्ष म्हणाले, सापडला! याला विरोध करता येतो! आता निवडून तुम्ही येणारच, सगळी मतं तुम्हालाच, काळजी नको. पण तुम्ही ते मनावर घेतलंत, हुलुसी बेय. अहो, टीका करायची तर पावसावर करायची, उंदरांवर करायची. ते सोडून तुम्ही पुलाचा विषय काढलात! पूर येऊन पूल वाहून गेला, नव्याची दोनदा फीत कापली, दोनदा भाषणं झाली, आणि पूल काही बांधला नाही — हे काय चौकात बोलायचं? खरं आहे म्हणून काय झालं? खरं आहे म्हणूनच तर — हां, हां, उठू नका. ही खुर्ची अशी मागे कलली ना, की माझ्याशिवाय सरळ होत नाही. जर्मन आहे.

बघा, वाजला बँड. — अहो, थांबा! दुखतंय? नाही? नाहीच दुखणार, दाताचं काम कधीच संपलंय. — म्हणजे — आता बोलून गेलो तर ऐकाच. अध्यक्ष काल आले होते. म्हणाले, रुक्नेद्दिन, सभा संपेपर्यंत उमेदवाराला खुर्चीतून सोडू नकोस, त्यांचं भाषण त्यांच्यातर्फे मी वाचतो. सौजन्य म्हणून. मी लगेच हो म्हटलं नाही, हं! अट घातली. पुलाचं एक वाक्य वगळायचं नाही, म्हटलं. तुमच्यासाठी नव्हे — माझी बहीण, बेहिये, पलीकडच्या काठावर असते. दिवस भरलेत तिचे. दाई अलीकडे, ती पलीकडे, आणि नदी बघताय ना कशी फुगलीय. नावाडी दोर बांधून बसलाय, नाव सोडतच नाही. अध्यक्षांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. एक वाक्य. बस, सभेला आलेल्या सरकारी माणसाच्या कानावर एवढं पडलं, की निदान लष्कराची मोठी नाव तरी —

शू. वाचतायत. ऐका — 'मी विरोधी उमेदवार या नात्यानं...' छान आवाज लावलाय. 'उंदरांच्या उपद्रवाबाबत मी सरकारला कठोर शब्दांत...' टाळ्या! बघा, तुम्हाला टाळ्या पडतायत! आता पूल येईल. 'आपली नदी...' आला, आला — 'आपली नदी इतकी सुंदर आहे, की तिच्यावर काही बांधून तिची शोभा...'

...

टाळ्या वाजतायत.

...

थुंका. इथे, भांड्यात. आणखी एकदा. खुर्ची सरळ करतोय, धरून बसा. फडकं राहू दे गळ्यात, सोडत बसू नका, मागच्या जिन्यानं जा, तिथून थेट मंचामागेच निघाल. राष्ट्रगीत सुरू झालं की कुणाला बोलता येत नाही, त्याच्या आधी पोचायला हवं. पूल म्हणा. आधी पूल म्हणा, नमस्कार-चमत्कार मागाहून. आणि कुणी विचारलं कसे सुटलात, तर माझं नाव — नको, माझं नाव नका — अहो, सांगा, सांगून टाका! माझ्याकडे काय बघताय? पळा!