घरमालकाने तपासलेला अँप

परदेशातून शिकून परत येणं सोपं आहे रे, बेस गिटारसाठी इथे अँप, म्हणजे आवाज मोठा करणारा अँप्लिफायर, घेणं कठीण. मी बोनकोडे गावात भाड्याने राहतो. आवाजावरून खोली जाऊ नये म्हणून घरमालक दादांना आधीच विचारलं, तर म्हणाले, "चल, मीच येतो दुकानात."

मी वीस वॅटचा, हेडफोन लावता येणारा छोटा अँप निवडला. दादांनी शर्टाची बटणं सोडली, अँपसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "वाजव." मी वाजवलं.

"शर्ट हालतच नाय रं! आमचे लग्नान हलदीला डीजे लागला का खिरकीच्या काचा हालतान."

"दादा, मला घरात सराव करायचाय. शेजाऱ्यांना त्रास नको."

"तरास? एवढी शांतता ठेवलीस त शेजारी इचारतील, घरान कोन गेला का?"

शांतता हा प्रत्येकाचा हक्क आहे, असं मी तावातावाने सांगत होतो, तोवर त्यांनी दुकानदाराला कपाटाएवढा अँप बाहेर काढायला लावला. शेवटी मी हात जोडले. "दादा, मी गिटार अजून शिकतोय हो! सगळ्या चुका गावभर ऐकू जातील!"

दादांनी बटणं लावली. "बरा, घे छोटा. खोली तुजीच हाय. पन कुनी इचारला, त माजा भाडोत्री हाय असा सांगू नको."