पाच वर्षं न उघडलेल्या फायली

नाही म्हणजे नाही. आणि ते मंजुरीचं बटण माझ्याच नावाने दाबायचंय ना – मग बसा संध्याकाळपर्यंत, मी काही दाबत नाही. पाच वर्षं कोणी उघडली नाही ती फाइल आपोआप पुसायची – वा! हा नियम लिहिला कोणी? तुम्ही. इथे येऊन किती दिवस झाले तुम्हाला, आठवडा? आणि मी इथले सर्व्हर सांभाळतेय ते एकच डबा होता तेव्हापासून, टेबलाखाली ठेवलेला, झाडूवाल्या बाईंची बादली लागायची त्याला. आता बघा, भिंतभर झालेत. सगळ्या शाखा नेटवर्कवर – कुठेही माप घ्या, इथे येऊन पडतं. जागा पुरत नाही म्हणता – हो, नाही पुरत, मी कुठे नाही म्हणतेय? जुन्या फायली संथ डिस्कवर टाका, चालेल. एकाच मापाच्या चार-चार प्रती पडल्यात, त्या मी स्वतः काढून देते. पण पुसायचं? अहो, आपण पाय बनवतो, पाय! चपला नाही विकत.

मॅनेजर म्हणतात, गिऱ्हाईक पाच वर्षांत फिरकलं नाही म्हणजे दुसरीकडे गेलं, नाहीतर वर गेलं. तोंडाला येईल ते बोलतात. माणूस आपण दिलेला पाय लावून मजेत हिंडत असेल, कुठे खुपत नसेल, म्हणून येत नसेल – हे नाही सुचत त्यांना. चांगला बनवला म्हणून त्याचं माप पुसायचं? आणि उद्या आला, आणि शाखेतल्या मुलीने नाव टाकलं, तर काय दिसणार? अशी नोंद नाही. समोर धडधाकट उभा माणूस, आणि आपण सांगायचं, तुम्ही आमच्याकडे कधी आलाच नव्हता.

काय म्हणालात – अपवाद? नियमातून वगळता येतात? किती फायली? नाही, मला सगळ्याच... बरं. एक. एकच द्या, मग बाकीच्यांसाठी भांडायला मी मोकळी. कोणाची म्हणजे? ते तुम्हाला कशाला हवंय – कारण लिहावं लागतं? मग लिहा. मॅनेजरला दाखवायचं तर खुशाल दाखवा.

माझा धाकटा भाऊ. आपलाच पाय लावतो, उजवा, गुडघ्याखाली. माप मीच सर्व्हरवर चढवलं होतं. बाबांशी भांडला आणि घर सोडून गेला – कशावरून काय, त्याला बाहेर नोकरी करायची होती आणि बाबा म्हणाले, लंगड्याला कोण काम देणार. असं बोलतात का पोराला? मी तेव्हाही बाबांच्या तोंडावर सांगितलं, आजही सांगेन. फोन बंद, पत्ता नाही. पण पाय तर आपलाच ना! पट्टा तुटेल, सैल होईल, कुठल्यातरी शाखेत जावंच लागेल त्याला. आणि गेला! एके दिवशी सकाळी बघते, तर त्याच्या फाइलची तारीख बदललेली – आदल्या दुपारची, कुठल्या कुठे लांबच्या शाखेतली. तसाच फोन लावला तिकडे. मुलगी म्हणाली, हो, आले होते, पट्टा बदलून घेतला, हसतमुख होते अगदी. हसतमुख! – तेव्हापासून ती तारीख तिथेच आहे. पुढच्या महिन्यात पाच वर्षं होतील. कळलं आता?

एकदा उघडा आणि बंद करा – ते मला नका शिकवू. तुमचा नियम ऐकल्यापासून दुसऱ्यांच्या कितीतरी फायली मी तशाच वाचवल्यात, हेही लिहा कारणात. पण हिला मी बोट लावलेलं नाही. फाइल उघडल्याची तारीख एकच राहते, शेवटची. मी उघडली की त्याची जाणार आणि माझी बसणार. त्या दुपारी तो होता, चालत आला होता, हसत होता – आमच्याकडे एवढंच आहे त्याचं, ते मी माझ्या हाताने खोडू? नाही जमणार. आणि अपवाद दिला नाहीत तर तुमचा नियम चालू होत नाही, ज्याला बोलवायचं त्याला बोलवा, नोकरी गेली तरी बेहत्तर. या इकडे, दाखवते. ही बघा, खालून तिसरी. तारीख वाचा, शाखेचं नाव वाचा – बाहेरूनच हां, नुसतं –

अहो!

उघडलीत.

सवयीने. हो, कळतंय, मुद्दाम नाही केलंत. बंद करून काय होणार आता? आजची तारीख, आणि हा कॉम्प्युटर. झालं. आता पाच वर्षं तुमचा नियम हिच्या वाटेला जाणार नाही. अपवाद नको, कारण नको, मिटलं तुमचं काम. – बटण? ते मी तरीही दाबणार नाही. बाकीच्यांच्या बहिणी इथे नोकरीला नाहीत.

माफी नका मागू हो. घरी गेले की मी चपला काढायच्या आत आई विचारते, तारीख हलली का गं? रोज विचारते. रोज मी नाही म्हणते, आणि ती बरं म्हणून चहा टाकते. आज काय सांगू तिला – हलली?

जा तुम्ही. जा म्हटलं ना. आणि दार नीट ओढून घ्या, गारवा बाहेर जातो.