दुसरी रायफल घ्यायची होती

मी मूळचा कोकणातला, सावंतवाडीच्या वरच्या अंगाला घाटाच्या पायथ्याशी आमचं गाव, आणि भात पोटरीला आलं की वरून रानडुकरं उतरायची, उभ्या शेताचा चिखल करून जायची, म्हणून आमच्या घरी ठासणीची बंदूक होती, परवान्याची बरं का, शेतराखणीचा परवाना असतो तसा. आबा, म्हणजे माझे वडील, ते बंदूकवाले. डुक्कर पडलं की वाटे व्हायचे, हाका घालणाऱ्यांना वाटा, कुत्र्यांना वाटा, वाटेने सहज कुणी चाललेला दिसला तर त्यालाही हाक मारून वाटा. आणि आमच्यात एक होतं, घरात कुणी गेलं की सुतक फिटेपर्यंत बंदूक शेजाऱ्याच्या घरी. आजी गेली तेव्हा आबांनी स्वतः नेऊन दिली. मी विचारलं, कशाला हो? तर म्हणाले, दुखाच्या घरात ती नको रे झिला. मी म्हटलं असतील एकेक रीती.

इथे आयर्लंडला मी आलो तो बायकोच्या मागून. अनघा डॉक्टर, कॉर्कच्या हॉस्पिटलात, पुण्याची आहे ती, आणि माझं कुडाळला खतं-बियाण्यांचं दुकान होतं, ते भावाला दिलं आणि आलो. इथे खतवाल्याला कोण विचारतो हो! आम्ही गावाबाहेर घर घेतलं भाड्याने, शेजारी कॉन म्हणून म्हातारा, सत्तरीचा, एकटा, त्याचा गाईंचा गोठा, तिथे मी दूध काढायला लागलो. मशीनने काढतात, पण पहाटे उठावं लागतंच. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला सगळे डॉक्टर, विचारायचे, तुम्ही कुठल्या हॉस्पिटलला? मी म्हणायचो, गाईंच्या. हसायचे. मीही हसायचो. आतून काय व्हायचं ते सोडा.

तर कॉनने मला पहिली रायफल घ्यायला लावली, छोटी, पॉइंट टूटू म्हणतात, ससे आणि कावळे मारायला. इथले पोलीस, त्यांना गार्डा म्हणतात, ते घरी येऊन बघून गेले, भिंतीला लोखंडी कपाट ठोकलंय का, कुलूप आहे का. रायफलला मागून एक बोल्ट असतो, तो काढला की रायफल म्हणजे नुसती काठी, तो मी वेगळा ठेवायचो, किचनमधल्या वरच्या प्रेसमध्ये, प्रेस म्हणजे कपाटच, आम्हालाही आता प्रेसच तोंडात बसलंय. अनघाला बंदूक कधीच आवडली नाही, पण म्हणाली, एवढं एक तरी तुझ्या मनासारखं होऊ दे.

मग दोन हजार वीस साल गेलं, लॉकडाऊन, ती पीपीई घालून कामावर आणि मी गोठ्यात. एकवीस उजाडलं. कॉनने डोंगराच्या उताराला नवी झाडं लावली होती, हरणं यायची आणि शेंडे खायची, साल सोलायची. कॉन म्हणाला, तुझ्या टूटूने हरीण मारायला कायद्याने बंदी आहे, तू आता दुसरी घे, मोठी, सप्टेंबरात सीझन सुरू होतो, परवान्याला महिने लागतात, आत्ताच बघ. मला काय, बंदूकवाल्याचा मुलगा मी, उकळ्याच फुटल्या. पण ठरवलं, अनघाच्या पगारातला एक युरो घ्यायचा नाही, गोठ्याच्या पैशात बसेल तीच घ्यायची, म्हणजे जुनी, कुणीतरी वापरलेली.

आबांना फोन केला. ते खूश. म्हणाले, बंदूक डोळ्यांनी घेवची नाय, खांद्याक लावन घेवची. मी म्हटलं आबा, दुकानं बंद आहेत, फोटो बघूनच घ्यायची आहे. तर म्हणाले, मग फोटो माका पण धाड. मी धाडले.

त्यानंतर तिकडे करोनाची ती दुसरी लाट आली. आबा गेले. तालुक्याच्या दवाखान्यात गेले. भावाने फोनवर दाखवलं, लांबून, गुंडाळलेलं काहीतरी, ओळखायचं तरी कसं? जायला मिळालं नाही, अग्नी भावाने दिला. मी फोन ठेवला, बूट घातले आणि गोठ्यात गेलो, कारण गाईंना सुतक नसतं. बंदूक शेजाऱ्याकडे द्यायची आठवण झाली नाही असं नाही, झाली. म्हटलं, इथे कोण बघतंय. चुकलं ते तिथेच चुकलं.

आणि मग मी काय केलं, काय सांगू तुम्हाला, मी रायफली बघत बसलो. गोठ्यातून आलो की फोन, जेवताना फोन. दोन उरल्या होत्या माझ्या खिशात बसणाऱ्या. एक नवी पण हलकी, दस्ता प्लास्टिकचा, नळी आखूड, पावसाने काही होणार नाही अशी. दुसरी जुनी, कुणा म्हाताऱ्याची, तो गेला म्हणून विकायला आलेली, दस्ता अक्रोडाचा, गालाच्या जागी घासून गुळगुळीत झालेला, पण दुर्बीण वेगळी घ्यावी लागणार होती, म्हणजे एकूण तीच महाग. शहाण्या माणसाने प्लास्टिकची घेतली असती. मी त्या अक्रोडाच्या दस्त्याचा फोटो मोठा करकरून बघायचो. आबांच्या बंदुकीचा दस्ता गालाच्या जागी असाच झाला होता, हे मला आता कळतंय. तेव्हा नुसताच बघायचो. रडलो नाही. बोललो नाही. जेवण जाईना. दाढी वाढली, त्याला सुतकाचं निमित्त होतंच. दुकानदाराला सांगितलं, जुनीच ठेव माझ्या नावाने, मी अर्ज टाकतो.

त्या दिवसांत आमची सई, आठ वर्षांची, सारखी माझ्या मागे. मी गोठ्यात तर ती गोठ्यात, मी गाडी धुतोय तर ती बादलीवर बसलेली. शाळा सुटली की खेळायला नाही जाणार, बाबा कुठेय. मला बरंच वाटायचं, म्हटलं आजोबा गेले म्हणून बिलगतेय पोर. एकदा मी म्हटलं, जा गं, ट्रॅम्पोलिनवर उड्या मार, मैत्रिणी आल्यात. तर म्हणाली, आय कान्ट, बाबा, आई सेड आय हॅव टू माइंड यू. म्हणजे तुला सांभाळायचंय. मी हसलो. म्हटलं, मला कशाला सांभाळायचं? तिने खांदे उडवले.

त्याच आठवड्यात कॉनचा फोन आला, सशांनी कोबी खाल्लाय, ये. मी प्रेस उघडली, बोल्ट नाही. डबे काढले, पिठाचा, पोह्यांचा, सगळे ओट्यावर, नाही. रायफलचा भाग हरवला तर गार्डांना लगेच सांगावं लागतं, आहे तो परवाना जातो, आणि परदेशी माणूस, त्यात दुसरीचा अर्ज, काय तोंड दाखवणार? मी जॅकेट चढवलं, स्टेशनला जायला निघालो, तेवढ्यात अनघा ड्यूटीवरून आली, दारातच. माझा चेहरा बघून म्हणाली, काय झालं? म्हटलं, बोल्ट गेला घरातून. तिने हॉस्पिटलची बॅग टेबलावर ठेवली, डब्याची पिशवी काढली, मास्कचं पाकीट काढलं, आणि खालून हातमोज्यात गुंडाळलेला तो बोल्ट काढून माझ्यासमोर ठेवला.

म्हणाली, आबा गेले तेव्हापासून माझ्याकडे आहे. रोज घेऊन जाते.

मी म्हटलं, कशाला? आणि विचारता विचारताच मला कळलं कशाला. ती म्हणाली, मंगेश, तू एकदाही रडला नाहीस. जेवत नाहीस. रात्रंदिवस बंदुकांचे फोटो. कुणी जिवाचं बरंवाईट केलं की आमच्याकडे येतात रे त्या घरची माणसं, म्हणतात आम्हाला काही कळलंच नाही. मी डॉक्टर असून मला कळलं नाही असं मला म्हणायचं नव्हतं. गार्डांना फोन करणार होते, अर्ज थांबवा म्हणून, पण तुझ्या नावाला कायमचा डाग लागला असता. तुला विचारायची हिंमत झाली नाही. मग म्हटलं, निदान हे तरी माझ्याजवळ राहू दे.

मनात तसलं काही आलं होतं का, असं तुम्ही विचाराल. नव्हतं आलं. पण छातीवर हात ठेवून सांगताना जीभ जरा अडखळते, खोटं कशाला बोलू. आणि तो प्रश्नच नव्हे. दिवसभर माणसांचे प्राण वाचवत फिरणारी माझी बायको, तिच्या बॅगेत डब्याखाली माझं लोखंड, आणि घरी आठ वर्षांची पोर पहाऱ्यावर. माझ्यावर पहारा. आईशपथ, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तिथेच खुर्चीत बसलो आणि आबांसाठी रडलो, जॅकेटसकट. सई येऊन बघून गेली.

दुसऱ्या दिवशी टूटू दुकानदाराकडे ठेवायला दिली, ठेवतात ते, आणि अक्रोडवाली नको म्हणून सांगितलं. त्याने विचारलं, किमतीचं काही आहे का? मी म्हटलं, हो, महाग पडते. खरं सांगायची लाज वाटली. तर तो बिचारा लगेच म्हणाला, तुझ्यासाठी कमी करतो की. मला पुन्हा खोटं बोलावं लागलं.

आता हरणांना दुसरा माणूस येतो. कॉनने मला काही विचारलं नाही, नुसतं ग्रँड म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत ठीक आहे. मी डॉक्टरकडे जातो, बोलतो तिथे थोडंफार, जेवणही जातं आता. सई ट्रॅम्पोलिनवर असते. अनघाने त्या विषयाचं नाव परत काढलं नाही, पण कामावरून आली की आधी माझ्या तोंडाकडे बघते, एक क्षणच, मग चपला काढते. ते बघणं काही थांबायचं नाही, आणि मला त्याची तक्रार करायचा हक्क नाही. मी आपला समोर येऊन उभा राहतो, म्हणजे तिला शोधायला लागू नये. देव तुमचं भलं करो, तुमच्या घरात कुणावर अशी वेळ न येवो.