अर्जात खंड आहे म्हणून

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले आपले संचालकसाहेब, पाहुणे मंडळी, हातातली कामं टाकून आलेले माझे सहकारी, आणि तिसऱ्या रांगेतून 'आवरतं घे' अशा खुणा करणारे आमचे हे, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी माझं भरभरून कौतुक केलं. म्हणे, बाईंची नजर पारखी, बायोडेटा बघून माणूस ओळखतात. ऐकायला गोड वाटलं. पण खरं सांगू? लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या आपल्या कंपनीत एका जागेसाठी ढिगाने अर्ज येतात. प्रत्येक जण कष्टाळू, प्रत्येक जण प्रामाणिक, प्रत्येकाला वाचनाची आवड. एकाला विचारलं, "अलीकडे काय वाचलंत?" तर म्हणाला, "तुमची जाहिरात." आणि वरून फोन, दुपारपर्यंत मुलाखतीची नावं द्या. यात कसली आलीय पारख?

मग मदतीला संगणक आला आणि त्याच्याबरोबर एक नियम. नोकरीत मध्येच मोठा खंड दिसला की अर्ज आपोआप बाद. या नियमाविरुद्ध मी किती बैठकांत घसा कोरडा केला, हे साहेब जाणतात. दर वेळी उत्तर एकच, "पुढच्या बैठकीत बघू."

गेल्या वर्षी देखभाल विभागाला पर्यवेक्षक हवा होता. मला बाद अर्जही चाळायची खोड आहे. त्यात एका बाईंचा अर्ज सापडला. लिफ्टच्या मोटारी आणि ब्रेक यांच्यातच हात काळे केलेल्या. त्यानंतर पाच वर्षं कोरी. खाली सरळ लिहिलेलं, 'या काळात सासऱ्यांचं आजारपण केलं.' मी हट्टाला पेटले, वाद घातला आणि त्यांना मुलाखतीला बोलावून घेतलं.

समोर मी आणि आपले दोन वरिष्ठ. त्यांची नावं घेत नाही. तेही इथेच बसलेत, आणि आजचा केक त्यांनीच आणलाय.

पहिला प्रश्न आला, "मधली पाच वर्षं काय केलंत?"

"सासरे अंथरुणाला खिळले होते. मिस्टर नोकरीसाठी परगावी. घरात मीच होते."

"म्हणजे काम काहीच नाही. आणि पुन्हा घरात कुणी आजारी पडलं तर?"

त्यांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाल्या, "सर, लिफ्टबद्दल काही विचारणार आहात का?"

मी तोंड उघडेपर्यंत "आम्ही कळवू" होऊन गेलं.

निवड झाली ती एका निष्कलंक बायोडेटाची. गृहस्थ वाईट नव्हते. जरा जास्त पगार मिळाला आणि काही महिन्यांतच निघून गेले. विभागाला वाली उरला नाही. एका दवाखान्याची लिफ्ट आठवडाभर बंद पडून राहिली. रुग्णांना खुर्चीत बसवून जिन्याने वर नेत होते, आणि त्यांच्या नातेवाइकांच्या शिव्या आपण फोनवर ऐकत होतो. तुम्हा सगळ्यांना आठवत असेल.

तेव्हा मीच त्या बाईंना फोन लावला. "ताई, जागा पुन्हा रिकामी झालीय. येता का?"

पलीकडे यंत्रांची घरघर ऐकू येत होती. म्हणाल्या, "मी दुसरीकडे लागले, मॅडम. पाच वर्षांचं त्यांनीही विचारलं, पण माझं उत्तर ऐकून घेतलं. तुमच्यावर राग नाही हो. पण तुमच्या त्या खोलीत मी पुन्हा बसणार नाही."

फोन ठेवला आणि असा संताप आला म्हणून सांगू! काढायचा कुणावर? संगणकावर? तो बिचारा सांगितलं तेवढंच करतो.

साहेब, आता मला कुठल्याच बैठकीचं बोलावणं येणार नाही. म्हणून इथेच विचारते. तो नियम काढाल का?

साहेब हसले. साहेब, हसण्याचा अर्थ मला लावता येत नाही. मान हलवा.

हलवली! अध्यक्ष महोदय, आपण साक्षीला आहात.

निरोपाच्या कार्यक्रमात भांडू नये, एवढं मला कळतं. कुणाला लागलं असेल, बोलण्यात अधिकउणं झालं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. इतकी वर्षं मला सोसलंत, त्याबद्दल तुम्हा सर्वांची ऋणी आहे.

आणि माझ्या जागी येणाऱ्या मॅडम, तुम्हाला एकच विनंती. सोमवारची वाट बघू नका. कार्यक्रम संपला की तडक वर जा आणि साहेबांचं मन बदलायच्या आत तो नियम काढून टाका.

धन्यवाद.