आईचा नवा गुडघा

आईला माझं काम समजावून सांगायला गेले आणि पुरती फसले, ऐका. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून दिवाळीनंतर थेट आत्ता भाटघरला गेले. ती खुर्चीत बसून मेथी निवडत होती. म्हटलं, "आई, हा असा कृत्रिम गुडघा चालून चालून किती झिजतो, ते आम्ही लॅबमध्ये शोधतो. पण वापरलेले गुडघे तपासायला मिळतच नाहीत गं."

"माझा घे की. म्या गेल्यावर."

"आई, काहीतरीच काय!"

"काहीतरी न्हाई. सावडायच्या दिवशी राखंत घावंल तुला. बाया मसणात जात न्हाईत, पर तू जा. तुझ्या दादाला आत्ताच सांगून ठिवते, हिच्या कामाचं हाय म्हणून."

मला हसू आलं. विषय मिटवायचा म्हणून मी शास्त्र काढलं. "अगं, त्यातल्या धातूच्या दोन भागांच्या मधे प्लास्टिक असतं. झिजतं ते तेच. जाळात ते वितळून जातं, मग आम्हाला काहीच कळत नाही."

"माझ्या गुडघ्यात प्लास्टिक हाय?"

तिने गुडघा बोटाने दाबून बघितला. मग जुडीतली शेवटची काडी निवडून परातीत टाकली आणि म्हणाली,

"मग जितेपनीच तपासाया येत जा की. दर ऐतवारी. म्या चालून दावीन."