सुकटीच्या कालवणातली तगर

—नाय ओ मावशी, तसं काय मोठं नाय, हर्नियाचं आपरेशन हाय नुसतं. सासरे माझे, आबाजी. आपरेशन झालं बी, चांगलं झालं म्हनाले. फक्त उठत नायत. तुमच्या लेकीला बाळंतपनाला वर नेलं ना, त्याच्या बी आधी यांना आत घेतलं — नि आता जेवनं टळली तरी डोळा उघडला नाय. हाका मारल्या, गालावर थापट्या मारल्या. भुलीचा डाक्टर दोनदा बाहेर येऊन गेला — घरी काय देत होता का, काढा, चूर्न, झाडपाला? मी म्हनलं नाय. आमचं हे खाली औषधं आनायला गेलेत. मोहोपाड्याला कंपनीत असतात, त्यांना काय म्हाईत नाय. म्हनजे — म्हाईत असायला हायच काय त्यात?

तगर म्हाईत हाय तुमाला? फुलाची नाय ओ, झोपेच्या औषधाची, मूळ असतंय. माझीच होती ओ ती. मला झोप यायची नाय, म्हनून बाजारातल्या काष्ठौषधीवाल्याकडनं पूड आनलेली. घेतली की डोकं कसं थंड, डोळे जड. वास मात्र — दोन दिवस घातलेल्या मोज्यांचा. दुधात लपत नाय तो, चहात नाय. सुकटीच्या कालवणात लपतो — सुकी मासळी, तिचाच वास वर राहतो. — आता मला कसं म्हाईत? घरात रांधते मी, मला नाय तर कोनाला म्हाईत असनार?

बरं, दिली. थोडी थोडी दिली. तुमी तसं बघू नका माझ्याकडं. तुमी आमचं घर बघितलं नाय. सासूबाय माझ्या, सुंदरा नाव — भात करपला तर मार, भात कच्चा राहिला तर मार. गेल्या दिवाळीला मनगट मोडलं त्यांचं, नि आमी गावात सांगितलं विहिरीवर पाय घसरला. आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हनतात, बाबांचा स्वभावच तसा हाय गं. स्वभाव! मग मी एके दिवशी घातली कालवणात. जेवले, खाटंवर आडवे झाले ते घोरायलाच लागले. त्या दिवशी सासूबायनी टीव्ही मोठा लावला — मोठा, मावशी! — नि काय तरी बघून हसल्या. लगीन होऊन आले तेव्हापासनं मी त्यांचा हसायचा आवाज ऐकलाच नव्हता. मग काय, रोज सुकट. म्हातारं खूश, सुकट आवडायची त्यांना.

तो भुलीचा डाक्टर चांगला हाय, समजावून सांगतो. डोक्यात म्हने बारीक बारीक जागा असत्यात, रिसेप्टर. असल्या मुळीतलं द्रव्य तिथं जाऊन बसतं, मग मेंदू निवतो. नि डाक्टरांचं भुलीचं औषध बी तिथंच जाऊन बसतं. दोन्ही एकदम बसली तर मानूस खोल जातो — किती खोल, ते मला बी सांगता येत नाय, म्हनला. म्हनून असलं काय असंल तर आठ दिवस आधी बंद करा. — कधी म्हनजे? मागं तपासनीला आलो ना, तेव्हा. नाय नाय, सगळ्यांनाच सांगतो तो. मी होते ना तिथं. सासूबाय बी होत्या. नुसत्या मान हलवत होत्या.

बंद केली ओ! लगेच बंद केली, तसलं मन नाय माझं. पन बंद केली नि तिसऱ्या दिवशी म्हातारं तांब्या घेऊन उठलं. सासूबायचा हा कान अजून सुजलेला हाय. म्हनून आल्या नायत त्या, लोकं विचारतील. काल संध्याकाळी मी सुकट निवडत होते, तर मागं येऊन उभ्या राहिल्या. म्हनतात, "छाया, तो डबा कुठं ठेवलास गं?" मी — मी फळीवरनं काढून हातात दिला. बास. घातली मी नाय. किती घातली ते बी बघितलं नाय, चुलीकडं पाठ करून उभी होते. वास आला तेवढा. सुकटीच्या वरनं वास आला, मावशी.

आता सांगितलं तर त्या हिशोबानं औषध करता येईल म्हनतो डाक्टर. सांगते की. हे आले की सांगते. नाय तर — उठतील ते, न सांगता बी उठतील. नि उठले, तर परत घरीच येनार ना?

आला तो. गप बसा जरा.

नाय सायेब. काय पन दिलं नाय घरी. नाय नाय, काढा बी नाय, चूर्न बी नाय. आमी नाय असलं काय देत. हो, सासूला पन विचारलं फोनवर. तीच म्हनाली, नाय.

—गेला. मावशी, तुमी कुठं उठल्या? सायबाच्या मागं कुठं निघाल्या? लेक वर हाय ना तुमची. जिना हिकडं हाय, मावशी. हिकडं. मावशी—