कुंपणाजवळचं मीठ

— नाही नाही बाई, बसा, अशा पावसात बस काही वेळेवर यायची नाही, आणि प्राध्यापकबाई काशियानच्या दुकानातून कोरड्या घशानं गेल्या असं गावात कुणी म्हणायला नको — हे घ्या ताक, वरच्या कुरणातलं, माझ्याच गाईंचं. ही फुलं? ही येत्या शनिवारची. उन्हाळा संपला, शनिवारी गाई डोंगर उतरतात ना, डोक्यावर फुलांचा मुकुट घालून, ते मुकुट मीच विणतो — म्हणजे विकतोही, खोटं कशाला बोलू. पण उन्हाळ्यात वर कुणाचं जनावर दगावलं असेल, तर त्याच्या गाई बोडक्या उतरतात. मग रस्त्याच्या कडेला उभा असलेला सगळा गाव विचारतो, काय गेलं रे? आणि सांगावं लागतं. यंदा कुणाचं काही गेलं नाही. देवाची कृपा.

तर तुम्ही त्या पोरीचं, नोटबुर्गाचं, सांगत होतात. तिनं वर अभ्यासासाठी राखलेल्या तुकड्याच्या कुंपणाचं फाटक उघडं टाकलं, गाई आत शिरल्या आणि तिचं सगळं काम तुडवलं गेलं. म्हणून आता समिती तिला — काय, काढूनच टाकणार? विद्यापीठातून? ...हं. ताक घ्या ना.

गुणी पोर आहे हो. पहिल्यांदा आली तेव्हा मी चिडवलं, म्हटलं, अगं पोरी, इन्सब्रुकच्या बागेतली माती, खालच्या मक्याच्या शेतातली माती आणि आमच्या कुरणातली माती — तिन्ही चिखलच की! यात शिकायचं काय? तर म्हणते कशी, "काशियानकाका, तुम्ही एकच चीज तीन गिऱ्हाइकांना तीन भावांत विकता, तेही मला शिकल्याशिवाय कुठे कळलं?" अशी आहे ती! मग मला वर घेऊन गेली. कुंपणाच्या आत दगडाला चिकटून एका रोपाची हिरवी गादी होती, तळहाताएवढी, वर बारीक गुलाबी फुलं. म्हणाली, "काका, टोपी काढा. ही तुमच्यापेक्षा वयानं मोठी आहे." आणि मी काढली हो टोपी. हसू नका, खरंच काढली.

ती फाटक उघडं टाकेल? अहो, ती माझ्या दुकानाचं दारसुद्धा बाहेर पडल्यावर पुन्हा ओढून बघते. आणि गाईला फाटक लागतं कशाला? गवतासाठी गाय कुंपणाला भिडत नाही, गवत तिच्या पायाखाली सगळीकडेच आहे. भिडते ती मिठासाठी. गुराखी सपाट दगडावर मीठ ठेवतात, गाई हव्या तिथे गोळा व्हाव्यात म्हणून. आता तेच मीठ कुंपणालगत ठेवलं, की मागची गाय पुढचीला रेटते, पुढची खांबाला — चांगला जाड खांब होता, तरी वाकलाच —

म्हणजे, वाकला असेल. मी आपलं सांगतो.

नाही, गुराख्याला नका विचारू. तो बिचारा मीठ वर खिंडीतच ठेवतो, त्याचा बापही तिथेच ठेवायचा. खाली आणलं ते... असं बघा, पायवाट त्या कुंपणाशेजारून जाते, आणि वळणावर माझा ताकाचा गाडा असतो. फिरायला आलेली माणसं गाईंचे फोटो काढायला थांबतात, थांबली की त्यांना तहान लागते. गाई खिंडीत, मग वळणावर कोण थांबणार? ताक नासत होतं बाई. तर एक लहानसा खडा — लहानसाच हो — कुंपणाबाहेरच्या दगडावर. वाटलं, दोन हात अंतर आहे, पुष्कळ झालं. गिऱ्हाइकाकडून मोजलं मी ते अंतर. गाईकडून मोजायला हवं होतं. संध्याकाळी गाडा आवरायला वळलो तर आत नुसता राडा. ती गादी, ती म्हातारी — तिच्यावर खुराचा खड्डा, आणि त्यात पाणी साचलेलं. मी उरलेला खडा खिशात टाकला. खांब सरळ केला. आणि फाटक... फाटक मी उघडं सोडलं.

हो. मीच.

दुसऱ्या दिवशी ती इथे आली, तुम्ही बसलात त्याच पोत्यावर बसली. रडून रडून डोळे सुजलेले. "काका, तुम्ही तिथेच होतात ना? मी फाटक लावलं होतं ना हो?" आणि मी म्हटलं — होतं असं, पोरी, माणसाच्या हातून राहून जातं. आता तिलाही तेच खरं वाटतंय. मी तिला ताक दिलं. पैसे घेतले नाहीत.

तुम्ही ताक खाली का ठेवलंत?

बघू नका असं. समितीपुढे येऊन मी काय बोलणार? तिथे मी पुन्हा व्यापारीच होईन, गोड बोलेन, खडा आणखी लहान करून सांगेन. माझं मला ठाऊक आहे. पण हे बघा — माझी गाय ग्रेफी, दरवर्षी कळपाच्या पुढे असते, सगळ्यांत मोठा मुकुट तिचा. तोच हा, तुम्ही आल्यापासून विणतोय तो. शनिवारी ती बोडकी उतरेल. सगळा गाव विचारेल, काशियान, काय गेलं रे? तुम्ही पोरीला घेऊन या आणि अगदी पुढे उभी करा. तिच्या तोंडाकडे बघून मला दुसरं काही सांगता यायचं नाही.

ती बघा बस आली. उठा. छत्री राहिली तुमची. आणि ती कात्री तेवढी इकडे सरकवा — जा आता, बाई, जा.